लायनफिश घरी पाळायचाय? आधी त्याच्या भुकेचं आणि टाकीचं गणित समजून घ्या

रील्स बघता बघता हा मासा तुम्हालाही कधीतरी दिसला असेल. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि पाण्यात संथ तरंगण्याची ऐट. नाव लायनफिश. खाऱ्या पाण्याचं अॅक्वेरियम ठेवणाऱ्यांमध्ये याची भलतीच क्रेझ आहे. पण दिसायला शांत असलेला हा मासा पक्का शिकारी आहे, शिवाय विषारीही. त्यामुळे दुकानातून पिशवीत घालून आणण्याआधी काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

टाकी किती मोठी लागते?

दुकानात मिळणारं पिल्लू बोटाएवढं असतं. पण ‘व्होलिटन्स’ ही नेहमी विकली जाणारी जात दीड फुटाच्या आसपास वाढू शकते आणि दहा वर्षं सहज जगते. तिच्यासाठी किमान ४५० लिटरची टाकी धरली जाते. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. त्यात काच, खडक, स्टँड धरला तर वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं. फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर जमिनीला हे वजन पेलेल का, हे आधी विचारून घ्या. जागा कमी असेल तर ‘ड्वार्फ लायनफिश’ म्हणून मिळणाऱ्या लहान जाती बऱ्या.

पाणी २४ ते २७ अंश तापमानाचं हवं. नागपूर किंवा संभाजीनगरच्या उन्हाळ्यात त्यासाठी चिलर लागणारच. मीठ अॅक्वेरियमसाठी मिळतं तेच वापरायचं, स्वयंपाकघरातलं नाही. आणि टाकी भरली की लगेच मासा सोडायचा नाही. माशाच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लायनफिश मांसाहारी, त्यामुळे घाणही जास्त करतो. म्हणूनच चांगला प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणी बदलणं याला पर्याय नाही.

खायला काय द्यायचं?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. अनेकजण गोल्डफिश किंवा गप्पी टाकीत सोडतात. मासा झडप घालतो, व्हिडिओही भारी येतो. पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते व्हिटॅमिन बी-१ नष्ट करतं. रोज हेच खाणं मिळालं तर मासा हळूहळू कमजोर होत जातो. शिवाय अशा माशांबरोबर रोगही टाकीत येतात.

त्यापेक्षा समुद्री खाणं द्या. कोळंबी, माकूळ, माशाचे छोटे तुकडे. आलटून पालटून द्या, मीठ-मसाला काही नको. सुरुवातीला लायनफिश मेलेलं खाणं ओळखतच नाही, कारण त्याला हलणारी शिकार लागते. मग लांब चिमट्यात किंवा काडीला तुकडा अडकवून त्याच्यासमोर हळूहळू हलवायचा. काही दिवस त्याने तोंड फिरवलं तरी घाबरू नका, हा मासा बराच काळ उपाशी राहू शकतो.

उलट धोका जास्त खाण्याचा आहे. पोट भरलं तरी तो मागतच राहतो आणि फाजील खाण्याने यकृतावर चरबी चढते. पिल्लांना रोज थोडं, मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरेसं.

सोबतीला कोण?

साधा नियम आहे. जो तोंडात मावतो, तो जेवण. क्लाउनफिश, छोट्या कोळंब्या काही दिवसांत गायब होतील. ट्रिगरफिश ठेवला तर तो उलट लायनफिशचेच पर कुरतडतो.

काटा लागला तर?

लायनफिशच्या १८ काट्यांमध्ये विष असतं. टाकी साफ करताना मासा कुठे आहे, हे बघूनच हात घाला. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवतात. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. आणि डॉक्टरकडे जाच.

नको झाला तर समुद्रात सोडायचा का?

अजिबात नाही. हा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. घरगुती टाक्यांमधून सोडलेल्या माशांमुळेच तो तिथे पोहोचला असावा, असं मानलं जातं. तिथल्या माशांना या शिकाऱ्याची ओळखच नव्हती. त्यात एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालू शकते. बघता बघता तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. बहामाजमधल्या एका प्रयोगात लायनफिश असलेल्या छोट्या प्रवाळ खडकांवर पाच आठवड्यांत नव्या पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी घटली. शेवटी २०१४ मध्ये फ्लोरिडाने जिवंत लायनफिश बाहेरून आणण्यावर बंदी घातली.

आपल्या समुद्रात लायनफिश मुळातच आहेत. तरी टाकीतला मासा खाडीत सोडला तर त्याच्यासोबत रोगही जातात. त्यामुळे सांभाळणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. त्याहून चांगलं म्हणजे, पुढची दहा वर्षं एवढी जागा, खर्च आणि वेळ देता येईल का, हे पैसे मोजण्याआधीच ठरवा.