एक्सलचा फाटका बूट

काटोलच्या बागांतून कळमन्याच्या बाजारात संत्री आणणाऱ्या माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढील चाकामागे काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तेव्हा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान सोसलेल्या या नागपुरात एक्सलच्या सांध्यावरील रबरी बूट तडकावा यात नवल नाही, असे वाटले खरे. परंतु त्या चिरेतून ग्रीस बाहेर पडते एवढ्यावरच हा मामला थांबत नाही, धूळ आत शिरून सांध्यातील पोलादी गोळ्यांचा क्षय आरंभते. वळणावर कटकट सुरू झाली, की बहुधा सांधाच बदलावा लागतो. तत्पूर्वीच शाफ्ट उतरवून, सांधा स्वच्छ धुऊन, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नवा बूट चढवावा. चिकटपट्टीचा तात्पुरता बंदोबस्त मला सर्वथा नामंजूर आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी चाक पूर्ण वळवून बुटाच्या घड्या अवश्य पाहा.