विद्यार्थ्यांचे उद्योग आणि दात्यांचा पैसा

विद्यापीठात शिकता शिकता उद्योग सुरू करणाऱ्याला सर्वांत जास्त नड असते ती अगदी सुरुवातीच्या पैशाची. बँक तारण मागते, मागचे ताळेबंद मागते. गुंतवणूकदाराला विकण्याजोगा माल आणि दोन-चार ग्राहक तरी दिसावे लागतात. एकविशीतल्या विद्यार्थ्याकडे यातले काहीच नसते. घरी पैसा असेल तर वडील किंवा काका हात सैल सोडतात. नसेल तर कल्पना वहीत राहते आणि विद्यार्थी कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत उभा राहतो. परतफेड न मागणारी देणगी या टप्प्यावर जे करू शकते, ते दुसरा कोणताही पैसा सहसा करत नाही.

जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या एखाद्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. प्रयोगशाळेच्या टेबलावर सुट्या तारा जोडून ते चालते. शेतात रोवायचे तर सर्किट छापून घ्यावे लागते, पाणी आत शिरणार नाही अशी पेटी लागते आणि पेटीसाठी साचा लागतो. साच्याचा खर्च एक पेटी काढली तरी तेवढाच आणि शंभर काढल्या तरी तेवढाच. त्यानंतर पूर्ण हंगामभर चाचणी. पेटीच्या सांध्यातून पाणी झिरपले की साचा बदला आणि पुढच्या हंगामाची वाट पाहा. या साऱ्या खर्चातून हाती येते ती फक्त माहिती: यंत्र शेतात टिकते की नाही. अशा माहितीवर कर्ज मिळत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत ही गरज टप्प्याटप्प्याने ओळखली गेली. 2000 साली तेथे नवउद्योजकांसाठी स्वयंसेवी मार्गदर्शकांची सेवा सुरू झाली. अनुभवी उद्योजकांचा गट एका विद्यार्थ्याबरोबर बसतो, प्रश्न विचारतो, ओळखी करून देतो. आणि मार्गदर्शन करत असताना त्या कंपनीत स्वतःचा आर्थिक हितसंबंध ठेवत नाही. सल्ला देणारा आणि हिस्सा मागणारा एकच असला की विद्यार्थी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून हा नियम फार मोलाचा. 2002 मध्ये मूळचे हुबळीचे गुरुराज देशपांडे आणि जयश्री देशपांडे यांच्या 2 कोटी डॉलरच्या देणगीतून देशपांडे सेंटर उभे राहिले. प्रयोगशाळेतले संशोधन बाजारापर्यंत नेणे हे त्याचे काम. थेट विद्यार्थ्यांसाठीची ‘सँडबॉक्स’ ही योजना 2016 मध्ये आली. तीत एका गटाला 25,000 डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते, तीही कंपनीत हिस्सा न मागता. पैसा टप्प्याटप्प्याने सुटतो, त्यामुळे चूक झाली तरी ती लहान रकमेतच कळते.

भारतात या वाटेची ठळक खूण पवईला दिसते. कंवल रेखी हे आयआयटी मुंबईचे 1967 चे पदवीधर. अमेरिकेत त्यांनी काढलेली एक्सेलन ही कंपनी 1987 मध्ये नॅस्डॅकवर गेली. त्यांच्या देणगीतून आयआयटीत माहिती तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि तेथेच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, नव्या कंपन्यांना जागा देण्याचा प्रयोग झाला. तो जमला म्हणून 2004 मध्ये ‘साइन’ हे इन्क्युबेटर स्वतंत्र सोसायटी म्हणून सुरू झाले. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज याच साइनच्या आश्रयाने वाढली. आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2007 मध्ये ती काढली. सुरुवातीच्या काळात हाताने फिरवून मोबाइल चार्ज करण्याचे यंत्रही त्यांनी केले होते. जुलै 2023 मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. मधली सोळा वर्षे लक्षात घेतली, की अशा उद्योगाला दोन वर्षांत फळ मागणारा पैसा का चालत नाही ते समजते.

पुढे सिंटेल कंपनीचे भरत देसाई आणि नीरजा सेठी यांच्या देणगीतून आयआयटी मुंबईत उद्योजकतेचे शिक्षण देणारे देसाई सेठी केंद्र निघाले. जून 2023 मध्ये नंदन नीलेकणी यांनी संस्थेला 315 कोटी रुपये दिले. आधीचे 85 कोटी धरून त्यांची देणगी 400 कोटींवर गेली. तिच्या उद्देशांत नव्या तंत्रज्ञानावरील स्टार्टअपना बळ देणे हाही एक आहे.

दात्याने विद्यार्थ्याच्या हातात थेट धनादेश ठेवला तर काय बिघडते? देणगी धर्मादाय कामासाठी असते आणि विद्यार्थ्याची कंपनी नफ्यासाठी. कंपनीला थेट दिलेल्या पैशावर दात्याला आयकर कायद्यातील देणगीची सवलत मिळत नाही. म्हणून मध्ये इन्क्युबेटर लागते. ते बहुधा सोसायटी असते किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली नोंदलेली, नफा न वाटणारी कंपनी. देणगी तेथे जमा होते. इन्क्युबेटर विद्यार्थ्यांना जागा, यंत्रसामग्री, वकील, हिशेबनीस आणि बीजभांडवल पुरवते. त्या बदल्यात काही ठिकाणी छोटा हिस्सा घेतला जातो. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय धोरणात तो 2 ते 9.5 टक्के सुचवला आहे. कंपनी चालली तर हिस्सा विकून आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्यांसाठी वापरता येतो. बुडाली तर कोणाच्या दारी वसुलीला जायचे नसते.

कंपन्यांसाठीही दार उघडे आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 प्रमाणे, ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शासकीय निधी मिळणाऱ्या इन्क्युबेटरना दिलेली रक्कम त्यात धरली जाते.

पैसा कोणत्या अटींवर येतो यावर मात्र पुष्कळ काही ठरते. इमारतीला देणगी मिळवणे त्या मानाने सोपे; दर्शनी भिंतीवर नाव लागते. त्याच इमारतीतल्या तंत्रज्ञाचा पगार, लेथची दुरुस्ती आणि पेटंट अर्जाची फी यांसाठी दाता सापडणे कठीण, आणि विद्यार्थ्याचे काम अडते ते नेमके तेथेच. मुद्दल राखून व्याजावर चालणारा, खर्चाची मोकळीक असलेला लहानसा निधीही अशा वेळी मोठ्या वास्तूपेक्षा जास्त उपयोगी पडतो. निवड दात्याने करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या धंद्याला पूरक कल्पनाच निवडल्या जाव्यात असा आग्रह धरला, की देणगी स्वस्तातली गुंतवणूक होऊन बसते.

राज्य विद्यापीठांची स्थिती वेगळी आहे. 2019 च्या धोरणाने उपस्थितीत सवलत, शिक्षणात काही काळ खंड घेण्याची मुभा आणि संस्थेच्या अंदाजपत्रकातील किमान 1 टक्का रक्कम नवोपक्रमांसाठी सुचवली. परंतु सिलिकॉन व्हॅलीत नाव काढलेले माजी विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठाला लाभत नाहीत. महाराष्ट्रात शिक्षणासाठी देण्याची परंपरा मोठी आहे. 1919 मध्ये स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था तर गावोगावच्या धान्याच्या, जमिनीच्या आणि श्रमाच्या देणगीवर वाढली. वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला पैसे देणारा व्यापारी आजही तालुक्याच्या गावी भेटतो. विद्यार्थ्याच्या धंद्याला देणगी कशाला, असे त्यालाच वाटते, कारण त्याने स्वतः धंदा कर्ज काढून उभा केलेला असतो. त्याच्याकडे पैशाइतकीच दुसरीही गोष्ट देण्यासारखी आहे: माल उधारीवर किती द्यावा, बिल कधी वसूल करावे, कारागीर कुठे मिळतो याची जाण. शेतीच्या अवजारांचा, दूधप्रक्रियेचा किंवा कापडाचा उद्योग काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे शिकवणारे माणूस त्याच गावात असते. विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांची आणि स्थानिक व्यावसायिकांची नोंद ठेवली, कार्यशाळा सायंकाळी उघडी ठेवली आणि जमा-खर्च दरवर्षी दात्यांपुढे मांडला, तर काही लाखांच्या निधीतूनही चार-पाच गटांचा पहिला नमुना तयार होऊ शकतो.