दिल्लीतला मुक्काम : आधी पत्ता, मग खोली

दिल्लीतला मुक्काम सुखाचा होणार की दगदगीचा, हे खोलीतल्या गादीपेक्षा हॉटेलच्या पत्त्यावर जास्त ठरते. बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘दिल्ली एनसीआर’ एवढे वाचून घेतलेली खोली प्रत्यक्षात गुरुग्राम किंवा ग्रेटर नोएडात निघू शकते. मग कॅनॉट प्लेसला पोहोचायलाच किमान पंचवीस-तीस किलोमीटर तोडावे लागतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबर हरियाणातील गुरुग्राम व फरिदाबाद आणि उत्तर प्रदेशातील नोएडा, ग्रेटर नोएडा व गाझियाबाद ही शहरेही येतात. स्वस्त आणि प्रशस्त खोलीचे पैसे रोजच्या टॅक्सीत आणि वाहतूक कोंडीत दामदुपटीने जातात.

मराठी माणूस दिल्लीला बहुतेक वेळा नेमक्या कामासाठी जातो. कुणाची लोकसेवा आयोगाची मुलाखत शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये असते, कुणाची सर्वोच्च न्यायालयात तारीख असते, कुणाचा रुग्ण ‘एम्स’मध्ये असतो, कुणाला चाणक्यपुरीतल्या दूतावासात व्हिसासाठी जायचे असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा राज्यभरातून रसिक तिथे पोहोचले. दिल्लीत त्याआधीचे संमेलन १९५४ साली झाले होते. अशा प्रत्येक कामाचे ठिकाण वेगळे, म्हणून प्रत्येकाचे ‘मध्यवर्ती’ हॉटेलही वेगळे.

मुंबईकराला पत्ता विचारताना ‘वेस्टर्न की सेंट्रल?’ असे आधी विचारायची सवय असते. दिल्लीत हाच प्रश्न मेट्रोच्या रंगाने विचारावा. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने या शहरातली अंतरे बदलून टाकली आहेत. पिवळी मार्गिका नवी दिल्ली स्थानक, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय आणि एम्स यांना जोडते. निळी मार्गिका करोल बाग, पहाडगंजलगतचे रामकृष्ण आश्रम मार्ग, राजीव चौक आणि मंडी हाउस यांवरून पुढे नोएडाला जाते. नारिंगी रंगाची एअरपोर्ट एक्स्प्रेस नवी दिल्ली स्थानकावरून टर्मिनल तीनला वीस-बावीस मिनिटांत पोहोचवते. कामाचे ठिकाण कोणत्या मार्गिकेवर आहे ते पाहावे आणि त्याच मार्गिकेवरील स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीवर हॉटेल शोधावे. निम्मी निवड तिथेच होते.

हॉटेलांच्या वस्त्या

दिल्लीतल्या हॉटेलांच्या जागा शहराच्या इतिहासाने ठरवल्या आहेत. १९११ साली राजधानी कोलकात्याहून दिल्लीला आणायचे ठरले, त्याआधी गोऱ्या साहेबांची वस्ती उत्तरेकडच्या सिव्हिल लाइन्समध्ये होती. म्हणून १९०३चे मेडन्स हॉटेल तिकडे आहे. नवी दिल्ली वसल्यावर कॅनॉट प्लेस बाजारपेठ म्हणून उभे राहिले आणि जनपथावर, तेव्हाच्या क्वीन्सवेवर, इम्पीरियल आले. चाणक्यपुरीतील अशोक हॉटेल १९५६ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेसाठी सरकारने बांधले. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी मोठ्या हॉटेलांची आणखी एक फळी उभी केली. विमानतळाजवळची एरोसिटी मात्र अलीकडची. तिथली हॉटेले २०१३ पासून उघडत गेली.

कॅनॉट प्लेस आणि त्याभोवतीचे जनपथ, बाराखंबा रोड, कस्तुरबा गांधी मार्ग हा दिल्लीचा खरा मध्यभाग. राजीव चौकात पिवळी आणि निळी मार्गिका एकमेकींना छेदतात, त्यामुळे इथून कुठेही जाणे सोपे. दर चढे असतात, पण दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात वाचणारा वेळ पाहता ते अनेकांना परवडतात.

पहाडगंज नवी दिल्ली स्थानकाच्या दारातच आहे. मेन बाजाराच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या गल्ल्यांत लॉज आणि छोटी हॉटेले खेटून उभी आहेत. एकट्या प्रवाशाला आणि रात्रीची गाडी पकडणाऱ्याला ती सोयीची, पण सामान घेऊन गर्दीतून वाट काढणे ज्येष्ठांना जड जाते. याच परिसरात आरामबागेजवळ नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन आहे. दिल्लीतल्या मराठी मंडळींचा राबता इथे जुना आहे.

करोल बागेत मध्यम दराची असंख्य हॉटेले आहेत आणि हाकेच्या अंतरावर मेट्रो आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांना हा भाग पहाडगंजपेक्षा मानवतो. मात्र अनेक हॉटेले मुळात राहण्यासाठी बांधलेल्या चिंचोळ्या इमारतींत आहेत, त्यामुळे खोली निरखून घ्यावी लागते. एम्सला जाणाऱ्यांनी युसूफ सराय, गौतमनगर किंवा ग्रीन पार्कमधली अतिथिगृहे पाहावीत. रुग्णाजवळ दिवसातून तीनदा जाणाऱ्या नातेवाइकाला चालत पोहोचता येईल अशी साधी खोलीच सगळ्यात सुखाची. एरोसिटी फक्त विमानासाठी. रात्री उतरून पहाटे पुढचे विमान पकडायचे असेल तर ती उत्तम, दिल्ली पाहायची असेल तर दूर. गुरुग्राम आणि नोएडा तिथल्याच कंपन्यांत काम असलेल्यांसाठी.

सदन, संस्था आणि घरे

दिल्ली राजधानी असल्याने इथे राज्यांची सदने आहेत. महाराष्ट्राची दोन : कोपर्निकस मार्गावरचे जुने आणि २०१३ साली सुरू झालेले कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे. दोन्ही मंडी हाउस आणि कॅनॉट प्लेसच्या टप्प्यात. मंत्री, लोकप्रतिनिधी आणि शासकीय अधिकारी यांना तिथे अग्रक्रम असतो, म्हणून खोली मिळेलच असे धरून निघू नये. लेखी आरक्षण हातात आल्यावरच तिकडे सामान न्यावे. खोली नसली तरी परमुलखात चार दिवस छोले आणि पराठे खाल्ल्यावर वरणभाताची आठवण आली की पावले सदनाकडेच वळतात.

दुसरा पर्याय संस्थांचा. लोदी इस्टेटमधील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत चिंतामणराव देशमुखांचा मोठा वाटा होता. तिथल्या आणि जवळच्या इंडिया हॅबिटाट सेंटरच्या खोल्या सभासदांसाठी असतात. ओळखीत कुणी सभासद असेल तर त्यांच्यामार्फत विचारता येते. तिसरा पर्याय घरगुती मुक्कामाचा. राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी खोल्यांचा तुटवडा ओळखून दिल्लीने २००७ साली ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ घरांच्या नोंदणीचा कायदा केला. दक्षिण दिल्लीतल्या शांत कॉलन्यांत अशी घरे आहेत. लहान मुले किंवा पथ्यपाणी असलेले वडीलधारे बरोबर असतील तर हॉटेलपेक्षा तिथे निगा चांगली राखली जाते. नोंदणी आहे का, एवढे विचारून घ्यावे.

खोली पारखताना

हॉटेलाचे तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून मिळतात आणि ठरावीक मुदतीसाठीच असतात. हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. त्यामुळे तारा नसलेले हॉटेल वाईटच असेल असे नाही, आणि बुकिंगच्या ॲपवर दिसणारे तारे सरकारी असतीलच असेही नाही.

दिल्लीत खोलीबद्दलचा पहिला प्रश्न खिडकीचा. करोल बाग आणि पहाडगंजमधल्या पुष्कळ खोल्यांना खिडकी असते, पण पडदा सारला की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हातभर रुंदीची चौकोनी पोकळी आणि तिच्यात लटकलेले एसीचे बाहेरचे यंत्र दिसते. अशा खोलीत दिवस-रात्र कळत नाही, कुबट वास राहतो आणि यंत्राची घरघर थांबत नाही. फोटोत पडदा लावलेला असेल तर शंका घ्यावी आणि फोन करून ‘खिडकी रस्त्याच्या बाजूला उघडते का?’ असे थेट विचारावे. त्याच फोनवर आणखी चार गोष्टी विचाराव्यात : लिफ्ट तळमजल्यापासून आहे का, गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळी, जनरेटरवर एसी चालतो का, आणि खालच्या मजल्यावर लग्नाचा हॉल आहे का. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा दिल्लीतला लग्नांचा हंगाम. हॉलवरची खोली मिळाली तर बँड आणि डीजे मध्यरात्रीपर्यंत झोपू देत नाहीत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आगीची. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागून १७ जणांचा जीव गेला. झोपेत असलेल्या माणसाला धूर आधी गाठतो, आणि धुरात ओळखीची वाटही सापडत नाही. म्हणून चावी हातात आल्यावर पाच मिनिटे इथे द्यावीत. खोलीपासून दुसऱ्या जिन्यापर्यंत जाऊन यावे, वाटेत डाव्या-उजव्या हाताला किती दारे लागतात ते मोजावे, जिन्याचे दार उघडते का आणि पायऱ्यांवर गाद्यांचे ढीग रचलेले नाहीत ना ते पाहावे. दार कुलूपबंद असेल किंवा खिडकीला न उघडणारे गज असतील तर खोली बदलून मागावी. बदलून न मिळाल्यास दुसरे हॉटेल शोधावे. या एका बाबतीत भिडेला जागा नाही.

हंगाम आणि हिशेब

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो. तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावरची, थेट गच्चीखालची खोली टाळावी. डिसेंबर-जानेवारीत उलट : महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना सवय नसलेली थंडी पडते आणि मध्यम दर्जाच्या बहुतेक हॉटेलांत खोली उबदार ठेवण्याची कायमची सोय नसते. हीटर मागून घ्यावा लागतो, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही पेटवू नये, तिच्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. ऑक्टोबरअखेरीपासून हवा बिघडते. दमेकऱ्यांनी हवा शुद्ध करणारे यंत्र खोलीत आहे का हे विचारावे. दाट धुक्याच्या दिवसांत गाड्या आणि विमाने तासन्‌तास लांबतात, म्हणून तेव्हा रद्द करता येणारे बुकिंगच घ्यावे.

दर वर्षी १४ नोव्हेंबरपासून प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो आणि मध्य दिल्लीतल्या खोल्या महाग होतात. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या तालमींमुळे कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते काही काळ बंद असतात. त्या आठवड्यात तिथले काम असेल तर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहावे, नाहीतर ते दिवसच टाळावेत.

दर पाहताना कर धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. साडेसात हजारांच्या काठावर दोनशे रुपयांचा फरक प्रत्यक्षात हजाराहून मोठा होतो : ७,४०० च्या खोलीचे बिल ७,७७० रुपये, तर ७,६०० च्या खोलीचे ८,९६८ रुपये. नाश्ता धरला आहे का, जादा गादीचे किती, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

पोहोचण्याची वेळ

मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचते, आणि हॉटेलची खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते. मधले तीन ते पाच तास सामानासकट कुठे काढायचे हे आधी ठरवावे. बहुतेक हॉटेले सामान ठेवून घेतात, लवकर खोली द्यायला तयार असतील तर तसे संदेशात लिहून घ्यावे. काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब चालतो, सकाळी पोहोचणाऱ्याला तो सोयीचा.

गाडी कोणत्या स्थानकात येते हेही पाहावे. ऑगस्ट क्रांती राजधानी, सीएसएमटीची राजधानी आणि पुण्याची दुरांतो हजरत निजामुद्दीनला येतात, नवी दिल्लीला नाही. नवी दिल्ली स्थानकालाही दोन तोंडे आहेत : फलाट क्रमांक एककडे पहाडगंज, सोळाकडे अजमेरी गेट. मेट्रो आणि एअरपोर्ट एक्स्प्रेस अजमेरी गेटकडे आहेत. पहाडगंजच्या हॉटेलात जायचे आणि अजमेरी गेटला उतरायचे, असे झाले तर बॅगा घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो.

स्थानकाबाहेर गोड बोलणारे दलाल भेटतात. ‘तुमचे हॉटेल बंद झाले’, ‘तिकडचा रस्ता अडवला आहे’ असे सांगून ते कमिशन देणाऱ्या हॉटेलात नेतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलला फोन करून बुकिंग पक्के केलेले असेल, आणि पत्ता व फोन नंबर कागदावर लिहिलेला असेल, तर त्यांचे काही चालत नाही. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे आधार किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे, पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते सहसा चालत नाही. बरोबर परदेशी पासपोर्टधारक नातेवाईक असतील तर हॉटेल परदेशी पाहुणे घेते का हे बुकिंगआधीच विचारावे. अशा पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते, आणि ती सोय नसलेली लॉज ऐन वेळी नकार देतात.

शेवटचा हिशेब परतीचा. विमानाच्या तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक खोली निवडतानाच पाहावा. एअरपोर्ट एक्स्प्रेस टर्मिनल तीनला जाते, टर्मिनल एकचे मेट्रो स्थानक वेगळ्याच, किरमिजी मार्गिकेवर आहे आणि दोन्ही टर्मिनलांत काही किलोमीटरांचे अंतर आहे. रात्री अकरा-साडेअकरानंतर मेट्रो नसते, त्यामुळे पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवावी.