घरचे माहितीभांडार : नॅस की होम सर्व्हर?

कुटुंबाची कागदपत्रे पूर्वी एका कपाटात मावत. आज खरेदीखताची प्रत वडिलांच्या ईमेलमध्ये, शिखरजी यात्रेची छायाचित्रे सुनेच्या मोबाइलमध्ये आणि आजीच्या आवाजातील भक्तामर स्तोत्र पुण्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर असते. गूगलची १५ जीबी मोफत जागा भरली की शुल्काची सूचना येते आणि घरात विषय निघतो : हे सारे आपल्याच घरी ठेवता येणार नाही का?

ठेवता येते, आणि त्याचे मार्ग दोन. पहिला नेटवर्क स्टोरेजचा, ज्याला संक्षेपाने नॅस म्हणतात. पाच लिटर तेलाच्या डब्याहून किंचित लहान अशी ही पेटी. तीत दोन हार्ड डिस्क बसवून ती राउटरला जोडली की घरातील प्रत्येक मोबाइल व संगणक तिचा उपयोग करू शकतो. दुसरा मार्ग होम सर्व्हरचा : जुना संगणक घेऊन त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत प्रणाली बसवणे. त्यावर छायाचित्रांचे, चित्रफितींचे, हवे ते कार्यक्रम चालवता येतात.

जुना संगणक घरात पडूनच आहे, म्हणून दुसरा मार्ग स्वस्त वाटतो. पण माहितीभांडार चोवीस तास चालते. ६० वॉट घेणारा संगणक महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज घेतो, तर २० वॉटची पेटी साडेचौदा. त्याहून मोठा खर्च देखभालीचा. प्रणाली अद्ययावत करणे, बिघाड शोधणे ही कामे बहुधा घरातील एकाच तरुणाला येतात. तो नोकरीनिमित्त परगावी गेला की आई-वडिलांसमोर उरते ती लुकलुकणारी पेटी. ज्या घरात या कामाची खरी आवड असलेली व्यक्ती कायम राहते, तिथे होम सर्व्हर शोभतो. इतरांनी नॅसच घ्यावी.

विक्रेता सांगतो की दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते, म्हणून ती सुरक्षित. हे अर्धेच खरे आहे. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन खातेवह्या आगीत एकत्रच जळतात. डिस्कवर तीन ते पाच वर्षांची हमी असते, पण त्या हमीत डिस्क बदलून मिळते, माहिती नव्हे.

आपल्या समाजाला हे नवे नाही. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या प्रती उतरवण्यास आरंभ झाला, ती नागरीत आली, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. भांडाराने ग्रंथ राखला. दुसऱ्या गावी, वाचता येईल अशा लिपीत गेलेल्या प्रतीने तो अभ्यासकांच्या हाती दिला.

म्हणून नॅस घेताना सोबत एक साधी बाह्य हार्ड डिस्कही घ्यावी. कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात तिच्यावर प्रत काढावी आणि ती बहिणीच्या घरी किंवा लॉकरमध्ये ठेवावी. पेटीला यूपीएस जोडावा. बाहेरगावाहून पाहण्याच्या हौसेपोटी ती इंटरनेटवर उघडी टाकू नये; २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने अशा हजारो पेट्यांतील फाइल कुलूपबंद केल्या होत्या. खरेदीपूर्वी छायाचित्रांची छाननीही करावी. एकाच अभिषेकाची चाळीस चित्रे साठवण्यासाठी मोठी डिस्क घेणे हाही परिग्रहच!

श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची वेष्टने सोडून पाने तपासतो. त्याच दिवशी बाहेरची डिस्क घरी आणून चार फाइल उघडून पाहाव्यात, वर्षभराची भर घालावी आणि ती परत पाठवावी. पेटीचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, मृत्युपत्राशेजारी ठेवावा व त्याची कल्पना घरातील किमान दोघांना द्यावी.