जुन्या विंडोजची ओढ का लागते?

निळसर-हिरवा पडदा, डाव्या कडेला ‘माय कॉम्प्युटर’ आणि ‘रिसायकल बिन’, खाली करडी पट्टी आणि तिच्या टोकाला ‘स्टार्ट’चे बटण. तीस वर्षांपूर्वीचा हा देखावा पाहण्यासाठी आता माळ्यावरचा संगणक खाली काढावा लागत नाही. ब्राउझरमध्ये एक पान उघडले की विंडोज ९५ सुरू होते. पन्नाशीच्या आसपासची माणसे ते उघडतात, सॉलिटेअरचा एक डाव मांडतात, ‘पेंट’मध्ये चार रेघा ओढतात आणि दहा मिनिटांनी पान बंद करतात. काम काहीच झालेले नसते, तरी बरे वाटते.

ज्या यंत्राने ऐन वेळी निळा पडदा दाखवून तासाभराचे टायपिंग गिळले, फ्लॉपी वाचायला नकार दिला, त्याचीच ओढ का वाटावी? याचे उत्तर संगणकात कमी आणि मेंदूत जास्त आहे. शिवाय हा नुसता गमतीचा विषय नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या म्हातारपणाशी त्याचा संबंध आहे.

यंत्राच्या पोटात यंत्र

ही किमया ‘एम्युलेटर’ची. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. जुना प्रोसेसर एक सूचना वाचायचा, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायचा आणि पुढच्या सूचनेकडे वळायचा. एम्युलेटर हेच काम त्याच क्रमाने करतो. त्यावर चालणाऱ्या विंडोजला आपण खऱ्या यंत्रावर नाही, याचा पत्ताच नसतो. ही दुहेरी मेहनत परवडते, कारण आजची यंत्रे त्या काळाच्या मानाने अफाट वेगवान आहेत. विंडोज ९५ चालवायला किमान ४ एमबी मेमरी लागायची. आज मोबाइलने काढलेला एक फोटोही बहुतेक वेळा तेवढी जागा घेतो.

२०११ मध्ये फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी ब्राउझरमध्ये लिनक्स चालवून दाखवले. २०१६ मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने विंडोज ३.१ च्या काळातील शेकडो प्रोग्रॅम असेच खुले केले. पुढे जुने मॅकिंटॉशही आले.

आपल्याकडे ही आठवण एका खास काळाशी बांधलेली आहे. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी आणि विंडोज ९५ बाजारात आली त्याच महिन्याच्या २४ तारखेला. त्यानंतर सायबर कॅफे आले, एमएस-सीआयटीचे वर्ग आले. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो याच काळात.

एके काळचा ‘आजार’

इंग्रजीत ज्याला ‘नॉस्टाल्जिया’ म्हणतात, त्यासाठी मराठीत स्मरणरंजन हा छान शब्द आहे. मूळ शब्द मात्र जन्माला आला तो रोगाचे नाव म्हणून. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझल येथे प्रबंध लिहिला आणि घरी परतणे व वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव तयार केले. घरापासून दूर राहणारे स्विस तरुण उदास होत, त्यांची झोप उडे, भूक मरे, ताप येई. उपाय एकच, घरी पाठवणे. पुढे अमेरिकी यादवी युद्धात लष्करी डॉक्टरांनी या निदानाच्या पाच हजारांहून अधिक नोंदी केल्या.

विसाव्या शतकात हा शब्द रोगांच्या यादीतून बाहेर पडला आणि अलीकडच्या संशोधनाने तर चित्र उलटेच केले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांना त्यांच्या अशा आठवणी लिहायला सांगितल्या. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली, माणूस भूतकाळाकडे वळतो तो बहुधा मन खिन्न असताना, एकटे वाटत असताना. दुसरी, त्या आठवणींत वस्तू असल्या तरी केंद्रस्थानी माणसे असतात. अशी आठवण जागी झाल्यावर आपण कोणाचे तरी आहोत, ही भावना वाढते. म्हणजे स्मरणरंजन हे दुखणे नसून बऱ्याचदा दुखण्यावर मनाने स्वतःच शोधलेली फुंकर असते.

हे जुन्या संगणकालाही लागू पडते. तो घरात एकच असे. धाकटा खेळायला बसला की थोरला खुर्चीमागे उभा राहून ‘इकडे क्लिक कर, इकडे’ म्हणत असे. सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघे बसत. आजचा मोबाइल एकट्याने, तोंड खाली घालून पाहायची वस्तू आहे. तो संगणक मात्र घोळक्याने पाहायचा होता. पडदा उजळताच तो घोळका आठवतो. त्यातले काही परदेशी गेलेले असतात, काही बोलेनासे झालेले असतात, काही आता नसतातही.

दहा ते तीसची भर

पन्नाशीनंतरच्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. स्मृतिसंशोधकांना हा उंचवटा वारंवार आढळला आहे. पहिली नोकरी, पहिले प्रेम, पहिले स्वतःचे पैसे या ‘पहिल्या’ गोष्टी याच वयात घडतात आणि मेंदू नव्याची नोंद ठळक करतो. १९९५ मध्ये विशीत असलेला माणूस आज पन्नाशीत आहे. त्याच्यासाठी विंडोज ९५ ही नुसती प्रणाली नाही, त्या वयाची पार्श्वभूमी आहे.

आठवण मेंदूत एखाद्या फोटोसारखी ठेवलेली नसते. ती उघडायला किल्ली लागते आणि आठवण साठवताना आसपास जे होते, ते सगळ्यात चांगली किल्ली ठरते. आवाज तर फारच प्रभावी. विंडोज ९५ सुरू होतानाचा सुमारे सहा सेकंदांचा सूर ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी रचला होता, तोही स्पर्धक कंपनीच्या मॅकवर, असे त्यांनीच नंतर सांगितले. अनेकांना तो सूर आजही पहिल्या दोन स्वरांत ओळखू येतो.

हात विसरत नाहीत

ब्राउझरमधली जुनी विंडोज उघडल्यावर आणखी एक गंमत घडते. संगणक बंद करायचा तर ‘स्टार्ट’ दाबायचे, हा उलटा नियम कोणी आठवून सांगणार नाही, पण हात आपोआप खालच्या कोपऱ्याकडे जातो. ही कौशल्याची स्मृती आहे आणि तिचे मेंदूतले घर वेगळे आहे.

हे उलगडले ते हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे. १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला. आपण हे आधी केले आहे, हे मात्र मोलेसन यांना दर वेळी नवीनच होते. घटनांची स्मृती हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते. हाताच्या सवयी मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींमध्ये आणि लहान मेंदूत मुरतात. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते. हाताच्या सवयी तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. भाकरी थापणारे किंवा तबल्यावर ठेका धरणारे हात नातवाचे नाव विसरल्यावरही चालत असतात, ते यामुळेच.

उद्याच्या आजी-आजोबांसाठी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुनी गाणी, फोटो, वस्तू समोर ठेवून गप्पा मारण्याची पद्धत जगभर वापरली जाते. तिचा बोलबाला आहे तितका भक्कम पुरावा मात्र नाही. २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संवाद, मनःस्थिती, जीवनमान यांत काही फायदा दिसला, पण तो बहुतांशी लहान होता आणि पद्धतीनुसार बदलत होता. रोग यामुळे हटत नाही. घरातल्यांना मात्र एक गोष्ट मिळते: ज्या माणसाशी बोलायला विषय उरला नव्हता, त्याच्याशी अर्धा तास बोलता येते.

आज या कामासाठी नाट्यगीते, रेडिओ, पितळी भांडी वापरली जातात. वीस-पंचवीस वर्षांनी जे सत्तरी ओलांडतील, त्यांची किल्ली वेगळी असेल. डायल-अप मोडेमचा किर्रर्र आवाज, माइनस्वीपरचा पिवळा चेहरा, विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी. अडचण अशी की तांब्या शंभर वर्षे टिकतो, फ्लॉपी नाही. तिच्यावरचा चुंबकीय थर कालांतराने दगा देतो आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होतात.

मराठी घरांपुढे यात एक जास्तीचा पेच आहे. युनिकोड येण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अक्षरे आपापल्या पद्धतीने साठवली जात. तो फॉन्ट नसेल, तर त्या काळात टाइप केलेले पत्र आज निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येते. वडिलांनी लिहून ठेवलेली कुळाची हकीकत, आईने टंकलेल्या पाककृती फाइलमध्ये असूनही हरवतात. वाचणारे माणूस आणि फॉन्ट दोन्ही हाताशी आहेत तोवर अशा फाइली उघडून, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून किंवा निदान छापून ठेवणे शहाणपणाचे. ब्राउझरमधल्या पानांवर विसंबून राहू नये. विंडोजचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे आहेत, त्यामुळे ती पाने कायम राहतीलच असे नाही.

मात्रा महत्त्वाची

स्मरणरंजन सगळ्यांनाच मानवते असे नाही. सतत चिंता करण्याची सवय असलेल्यांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवणींनी क्षणभर बरे वाटल्यानंतर त्यांची खिन्नता आणि अस्वस्थता उलट वाढलेली दिसली. तेव्हाच्या मोकळ्या आयुष्याशी आजची तुलना सुरू झाली की फुंकर घालणारी आठवण टोचू लागते. जुन्या खेळांत रोज तासन् तास जात असतील, झोप बिघडली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर ते स्मरणरंजन नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे.

हौसेखातर जुनी प्रणाली खऱ्या संगणकावर घालून तो इंटरनेटला जोडू नये. विंडोज एक्सपीसाठीचे सुरक्षा-दुरुस्तीचे काम ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले आहे. ब्राउझरमधली नक्कल तुलनेने सुरक्षित, कारण ती आपल्या चौकटीतच राहते.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल आणि त्याने आयुष्यभर कचेरीत संगणकावर काम केले असेल, तर हा प्रयोग जरूर करावा. फक्त ‘हे आठवतंय का?’ असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा लागतो आणि माणूस मिटतो. ‘हे कसं चालवायचं, दाखवा ना,’ म्हणावे आणि माउस त्यांच्या हातात द्यावा. चुकले तर दुरुस्त करू नये, कंटाळले तर थांबावे.

ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांनी जुनी विंडोज उघडलीच तर शक्यतो एकट्याने पाहू नये. मुलांना शेजारी बसवावे किंवा तेव्हा खुर्चीमागे उभ्या असणाऱ्या भावाला, मैत्रिणीला फोन लावावा. संशोधन सांगते त्यानुसार खरी ओढ त्या माणसांची असते आणि त्यांच्यातली बरीचशी अजून एका फोनच्या अंतरावर असतात.