लिंबाची नोंद

अब्बांच्या कबरीशेजारी एक जुना लिंब होता. एका पावसाळ्यात त्याच्या बुंध्याला फळीसारखं काहीतरी फुटलं. वरून तांबूस, चकचकीत, कडेला पांढरं. पोरांनी ते तोडून फेकलं. मीही नुसता पाहत उभा होतो. दोन-तीन वर्षांनी वळवाच्या पावसात लिंब कोसळला. आतून पार पोकळ झाला होता.

ती फळी म्हणजे बुरशीचं जणू फळ. खरी बुरशी तंतूंच्या रूपानं लाकडात पसरलेली असते. काही जाती लाकडाला टणकपणा देणारं लिग्निनही पचवतात. मग लाकूड पांढुरकं, भुसभुशीत होतं. काही जाती लिग्निन बहुतांशी सोडून देतात. तिथं तपकिरी चुरा उरतो. बाहेर फळी दिसते, तेव्हा आतलं काम बरंच उरकलेलं असतं.

अभ्यासक अशा फळ्या वाळवून पाकिटात जपतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा असा कवकसंग्रह आहे. सोबतच्या चिठ्ठीवर झाड, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं. बुरशीचं नाव चुकलं, तर पन्नास वर्षांनीही नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते दुरुस्त करता येतं. गाव आणि तारीख लिहायची राहिली, तर ती नमुन्यातून शोधता येत नाही.

कोकणातलं फणसअळंबं घ्या. फणसाच्या खोडावरचं हे अळंबं उगाळून हिरड्यांना लावतात. नाव एक, पण फेलिनस प्रजातीतल्या एकाहून अधिक जाती त्या नावानं ओळखल्या जातात. औषध म्हणून नेमकं काय दिलं, हे ठरवायचं तर जपलेला नमुनाच हाताशी लागतो.

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात झाडं भेटतात. झाडांच्या खोडांवर काय उगवतं, ते टिपायला मात्र आपणही हातभार लावू शकतो. पावसाळ्यात अशी फळी दिसली, तर चाखू नका. झाड, जागा, तारीख लिहा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.

तेवढं केल्यानं आमचा लिंब वाचलाच असता, असं नाही. पण तो कशानं गेला, हे कळलं असतं. शेजारच्या झाडांवर लक्ष ठेवता आलं असतं. अब्बांच्या कबरीवर नाव आहे, तारीख आहे. लिंबाची तेवढीही नोंद आमच्याकडून राहून गेली.