मुलगा की मुलगी : चूक दोष शोधण्यातच आहे

गैरसमज : मूल मुलगा होणार की मुलगी, हे आईवर अवलंबून असते.
मुलगी झाली की सुनेला बोल लावायचा, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. तिचा आधार मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच निखळला. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशींत 20 मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशींत 19 मोठी आणि 1 अगदी चिमुकले. माणसातही असेच आहे. आईच्या बीजांडात नेहमी एक्स गुणसूत्र असते, वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा चिमुकले वाय. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. एवढे वाचून ‘म्हणजे दोष वडिलांचा’ असे म्हणणाऱ्यांनी फक्त आरोपी बदलला. दोन्ही प्रकारचे शुक्राणू जवळपास सारख्या प्रमाणात, कोट्यवधींनी तयार होतात. त्यांतला कोणता बीजांडात शिरेल, हे कोणाच्याच हाती नसते. तीन मुलींनंतर ‘आता मुलगाच’ हा हिशेबही खोटा. शक्यता दर खेपेला साधारण निम्मीच राहते.

गैरसमज : एक्स-वाय हा सगळ्या सजीवांचा नियम आहे.
पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीच्या बीजांडावर ठरते, तरी कोंबडीला कोणी बोल लावत नाही. मधमाश्यांमध्ये फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो. त्याला बापच नसतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे निकाल वाळूचे तापमान लावते : ऊब जास्त तर माद्या, कमी तर नर. माणसातही अख्खे वाय निर्णायक नाही. त्यावरचा ‘एसआरवाय’ हा जनुक 1990 मध्ये सापडला, आणि पुढच्याच वर्षी तो दोन एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातल्यावर उंदीर नर म्हणून वाढला. क्वचित हा जनुक वायवरून एक्सवर जातो किंवा बिघडतो. मग दोन एक्स असूनही पुरुषाचे, किंवा वाय असूनही स्त्रीचे शरीर घडते. यंत्रणा अनेक आहेत. त्यांतल्या एकीतही कोणाची इच्छा किंवा कसूर नाही.

गैरसमज : हिमोफिलिया बापाकडून मुलाकडे जातो.
या आजारात रक्त लवकर गोठत नाही. त्याच्या मुख्य दोन प्रकारांचे जनुक एक्सवर असतात, आणि बाप मुलाला वाय देतो. त्यामुळे आजारी बापाचा हा जनुक मुलाला मिळत नाही. त्याच्या सगळ्या मुली मात्र वाहक होतात, म्हणजे बिघडलेला जनुक त्यांच्या एका एक्सवर असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, तशीच प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही. म्हणून एखाद्या घराण्यात आजोबांना असलेला आजार मधली पिढी वगळून नातवात उमटतो. लाल-हिरव्या रंगांधत्वाचा प्रवासही असाच. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने एक बिघाड पुरतो. स्त्रीच्या दोन्ही एक्सवर तो असावा लागतो. म्हणूनच रंगांधळे पुरुष बरेच दिसतात, स्त्रिया विरळा.

यावर हमखास आक्षेप येतो : वाहक आईच ना, मग बोट तिच्याकडेच जाणार! पण तिलाही तो जनुक तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, तोही निवड न करता. शिवाय हिमोफिलियाच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कोणालाच नसतो. बिघाड नव्याने झालेला असतो. आनुवंशिकतेची माहिती लागते ती पुढच्या काळजीसाठी. मामाला हिमोफिलिया असेल, तर भाचीने गरोदरपणाआधी तपासणी करून घ्यावी. वाहक स्त्रीलाही पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ शकतो, आणि ‘हा पुरुषांचा आजार’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. बोल लावण्यात जाणारा वेळ या तपासणीला दिला, तर तिचाही जीव सांभाळला जाईल आणि बाळाचाही.